परमुलखातला थवा आणि आपले आग्यामोहोळ

खानदेशात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जाऊन बसतो, आणि ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत असे आमच्या चोपडा, यावल, रावेर पट्ट्यातील कितीतरी आईवडील हल्ली याच दिवसांत त्यांच्याकडे मुक्कामाला जातात. युरोपात तेव्हा वसंत ऋतू ऐन भरात असतो. सफरचंद, चेरी, बाभळीसारखी दिसणारी रोबिनियाची झाडे आणि पुढे लिंडेनचे वृक्ष फुलतात, आणि नेमका तोच काळ मधमाश्यांचे थवे निघण्याचा असतो. म्हणजे आपल्याकडून गेलेला पाहुणा त्या देशात पाऊल ठेवतो तेव्हा, कोणी काही सांगितलेले नसताना, तो मधमाश्यांच्या हंगामाच्या मध्यभागी येऊन पडतो.

आम्ही उभयता मुलीकडे, श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात, पहिल्यांदा गेलो तेव्हा असेच झाले. तीन दिवसांच्या झडीनंतर ऊन पडले होते आणि दुपारी बाराच्या सुमारास कुंपणापलीकडून असा आवाज येऊ लागला की जणू शेतात कोणी फवारणीचा पंप चालू करून ठेवला आहे. पाहतो तो आकाश माश्यांनी भरलेले. मी नातीला उचलून आत धाव घेतली, सगळ्या खिडक्या लावल्या आणि मुलीला कामावर फोन केला. पंधरा-वीस मिनिटांत तो सगळा गोंधळ शेजारच्या सफरचंदाच्या एका फांदीवर उतरला आणि तेथे कलिंगडाएवढा तपकिरी घोस लोंबू लागला. शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या आजी मात्र त्या घोसापासून दोन-तीन हातांवर उघड्या डोक्याने उभ्या राहून शांतपणे तो न्याहाळत होत्या. मला त्यांची काळजी वाटली आणि त्यांना, मुलीने नंतर सांगितल्याप्रमाणे, माझी.

आमच्या दोघांपैकी चुकीचे कोणीच नव्हते. प्रत्येकाने आपापल्या मुलखातील माशीवरून शिकलेले शहाणपण वापरले होते, आणि एका माशीचे शहाणपण दुसरीला लागू पडत नाही.

आपल्या भीतीचे मूळ आग्यामोहोळात आहे. खानदेशात वाढलेल्या माणसाने पाण्याच्या टाकीखाली, जुन्या पिंपळावर, नदीच्या पुलाच्या कमानीत किंवा सातपुड्याच्या कड्यावर ही मोठाली पोळी पाहिलेली असतात, आणि लग्नाच्या वरातीत वा अंत्ययात्रेत ‘मोहोळ उठनं’ असा ओरडा होऊन माणसे दिशा फुटेल तिकडे पळाल्याच्या गोष्टीही प्रत्येक गावात असतात. वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याच्या कड्यांना लागलेली आग्यामोहोळे पर्यटकांवर उठल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. आग्या माशी आकाराने मोठी असते आणि ती आपले पोळे उघड्यावर बांधते. तिचे पोळे एकच असते, पण ते कधीकधी एक मीटरहून अधिक रुंद भरते आणि त्याला ना भिंत असते ना दार. अंडी, अळ्या आणि मध यांच्यावर फक्त माश्यांच्याच अंगांचा जाड पडदा असतो. गांधीलमाशी जवळ आली की त्या पडद्यावरून लाट सरकल्यासारखी दिसते, कारण हजारो माश्या एकीमागून एक पोट वर उचलून तिला हुसकावत असतात. घराला भिंतच नसेल तर राखणदाराला बाहेर येऊनच शत्रूला गाठावे लागते. आग्या माशी चिडली की झुंडीने उठते आणि लांबवर पाठलाग करते त्याचे कारण हे आहे.

आपल्याकडे इतर माश्याही आहेत. झुडपाच्या काटकीला तळहाताएवढे पोळे लावणारी फुलोरी, ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी, आणि नांगी नसल्यासारखी असलेली चिमुकली पोया. युरोपात मात्र मध साठवणारी माशी एकाच जातीची आहे. तिला आपण मेलिफेरा म्हणतो आणि 1962 पासूनच्या प्रयत्नांनी ती उत्तर भारतातून आपल्या देशात पाळली जाऊ लागली. ही माशी सातेरीप्रमाणे अंधाऱ्या पोकळीत राहणारी आहे. तिच्या घराला भिंती असतात, एक लहानसे दार असते आणि दारावर मोजक्या पहारेकरी माश्या असल्या तरी भागते. शिवाय माणसाने तिला शेकडो वर्षे पेटीत सांभाळताना शांत वसाहती राखल्या आणि चिडखोर वसाहतींच्या राण्या बदलल्या. म्हणून जर्मनीत दोन घरांच्या मधल्या बागेत आठ-दहा मधपेट्या असू शकतात आणि त्यांच्या शेजारी मुले खेळू शकतात.

आता फांदीवरच्या त्या घोसाकडे येऊ. आपण त्याला मोहोळ म्हणतो खरे, पण त्यात मोहोळाची खरी खूण, म्हणजे मेणाचे पोळे, नसतेच. तो घर सोडून निघालेल्या माश्यांचा मुक्काम असतो. वसंतात फुलोरा वाढतो, राणी दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालते, पेटी माश्यांनी गच्च भरते आणि मग वसाहत स्वतःची दुसरी वसाहत करण्याच्या तयारीला लागते. एक माशी जन्माला येणे ही व्यक्तीची वाढ झाली, पण एका वसाहतीच्या दोन वसाहती होणे हे त्या कुळाचे खरे पुनरुत्पादन होय. कामकरी माश्या पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसणारी राणीघरे बांधतात आणि त्यांत नव्या राण्या वाढू लागतात. जुन्या राणीला त्या कमी खाऊ घालतात आणि सतत हलवत राहतात, त्यामुळे तिचे अंग उतरते आणि जी एरवी जड पोटामुळे उडू शकत नाही ती उडण्याजोगी होते. पहिली राणीघरे मेणाने बंद झाली की चांगल्या उन्हाच्या दिवशी जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन बाहेर पडते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की भरलेले घर लेकीला सोडून देऊन उघड्यावर निघते ती आई. मागे राहिलेल्या वसाहतीत सुमारे आठवड्याने नवी राणी बाहेर येते, आणि वसाहत फार मोठी असेल तर तीही आणखी एक लहान थवा घेऊन जाऊ शकते.

अशा थव्यात साधारण दहा-पंधरा हजार माश्या असतात. निघण्यापूर्वी प्रत्येक माशी पोटभर मध घेते. ती शिदोरी काही दिवस पुरावी लागते आणि नव्या घरात मेण काढण्यासाठीही तीच कामी येते. थवा एवढा शांत का असतो याचे उत्तर त्याच्या परिस्थितीत आहे: त्याच्याजवळ राखायला अळ्या नाहीत, मधाचे कोठार नाही आणि दारही नाही. माशी नांगी मारते ती घर वाचवण्यासाठी, आणि या क्षणी तिला घरच नसते. अर्थात शांत म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ कोणी घेऊ नये. दोन-चार दिवस पाऊस लागून शिदोरी संपलेला थवा चिडका होतो, आणि नवी जागा न मिळाल्याने ज्याने फांदीवरच पोळे बांधायला घेतले आहे त्याला पुन्हा राखण्यासारखे काही मिळालेले असते. शेजारच्या आजी जवळ उभ्या होत्या, पण त्यांनी फांदीला हात लावला नव्हता, त्या माश्यांच्या उडण्याच्या वाटेत नव्हत्या आणि आयुष्यभर त्यांनी हे पाहिले होते. नवख्याने दहा-बारा पावलांवरून पाहावे, ते पुरेसे दिसते.

हा घोस तेथे काही तास राहतो, कधी दोन-तीन दिवस. तेवढ्या वेळात तो जे करतो ते मला या सगळ्या विषयातील सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

मधमाशी फुलांचा ठावठिकाणा नाचून सांगते हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडले आणि त्यासाठी त्यांना 1973 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माशी पोट थरथरवत सरळ रेषेत चालते, वळून परत येते आणि पुन्हा तशीच चालते. उभ्या पोळ्यावर ‘वर’ म्हणजे सूर्याची दिशा. त्या वरच्या दिशेशी तिच्या चालीचा जो कोन होतो तोच कोन सूर्याच्या दिशेशी करून उडायचे, आणि थरथर जेवढी लांबते तेवढे अंतर जास्त. थरथरीचा सुमारे एक सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांना 1949 च्या वसंतात म्युनिकमध्ये झुडपावर बसलेला एक थवा दिसला. त्याच्यावर काही माश्या नाचत होत्या, पण त्यांच्या अंगावर पराग नव्हता. त्या मळलेल्या होत्या, काहींना काजळी लागलेली होती, काहींना विटांची तांबडी भुकटी. युद्धातील बॉम्बहल्ल्यांनी ते शहर तेव्हा ढासळलेले होते. या माश्या फुलांवर गेलेल्याच नव्हत्या, त्या धुराड्यांत आणि पडक्या भिंतींच्या पोकळ्यांत शिरून राहण्यायोग्य जागा शोधत होत्या, आणि आता नाचून त्या जागांचा पत्ता सांगत होत्या. अंगावरच्या धुळीवरून हे ओळखणारा तो माणूस मला फार मोठा वाटतो.

पुढे अमेरिकेतील थॉमस सीली यांनी हे काम अनेक वर्षे चालवले. थव्यातील काहीशे अनुभवी माश्या शोधक म्हणून बाहेर पडतात. प्रत्येकीला वेगळी पोकळी सापडते. ती आतून चालून जागेचा अंदाज घेते, दार किती लहान आहे, जमिनीपासून किती उंच आहे, हे पाहते. साधारण चाळीस लिटरची, म्हणजे पाण्याच्या दोन मोठ्या जारएवढी पोकळी, उंचावरचे आणि लहान दार, ही त्यांची पसंती. परत आल्यावर जागा जेवढी चांगली तेवढा वेळ ती नाचते. तो नाच पाहून दुसऱ्या माश्या जातात, पण केवळ ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः जागा पाहतात आणि पटली तरच येऊन नाचतात. आपल्याकडे लग्नासाठी स्थळ सुचवणारा एक असतो, पण त्याच्या शब्दावर सोयरीक होत नाही. मामा जाऊन पाहतो, काका जाऊन पाहतो, तसेच हे आहे. येथे आणखी एक गोष्ट घडते: प्रत्येक शोधक माशीचा नाच दर फेरीला थोडा थोडा कमी होत जातो, मग तिची जागा कितीही चांगली असो. म्हणून कोणी हट्टाला पेटत नाही, सामान्य जागांचे नाच आपोआप विझतात आणि उत्तम जागेला नव्या माश्या मिळत राहतात. एखाद्या जागेपाशी एकाच वेळी वीस-तीस शोधक माश्या जमल्या की निर्णय झाला. त्या परत येऊन घोसात शिरतात, बारीक चिरका आवाज काढत इतरांना उठवतात, सगळ्या माश्या पंखांचे स्नायू थरथरवून शरीर सुमारे 35 अंशांपर्यंत तापवतात आणि मिनिटभरात संपूर्ण घोस हवेत विरघळतो. वाट माहीत असलेल्या थोड्या माश्या थव्याच्या वरच्या भागातून वेगाने पुढे झेपावत दिशा दाखवतात. राणी या सगळ्यात कोठेही मत देत नाही. ती बरोबर आहे एवढेच तिचे काम.

म्हणून परदेशात घराच्या धुराड्यापाशी, खिडकीवरच्या पडद्याच्या खोक्यापाशी किंवा छपराच्या फटीपाशी मे-जूनमध्ये दहा-वीस माश्या आत-बाहेर करताना दिसल्या तर त्याचा अर्थ समजून घ्यावा. त्या तुमचे घर पाहायला आलेल्या असू शकतात. तेव्हाच फट बुजवणे सोपे असते, थवा आत गेल्यावर भिंत उघडण्याची वेळ येते.

फांदीवरच्या थव्याचे पुढे काय करायचे, याचे उत्तर जर्मनीत कायद्यातही आहे. 1 जानेवारी 1900 पासून लागू असलेल्या तेथील दिवाणी संहितेत कलम 961 ते 964 ही चार कलमे केवळ मधमाश्यांच्या थव्यांसाठी आहेत. थवा निघून गेला आणि मालकाने लगेच पाठलाग केला नाही किंवा मध्येच सोडून दिला, तर तो थवा निर्मालकी होतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र दुसऱ्याच्या आवारात शिरण्याचा हक्क आहे, फक्त झालेली नुकसानी त्याने भरून द्यावी. अनेकांचे थवे एकमेकांत मिसळले तर ते सामाईक होतात, आणि वाटा ठरतो तो ज्याने आपल्या जितक्या थव्यांचा पाठलाग केला त्या संख्येवरून. बांधावरच्या आंब्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद घालणाऱ्या आपल्या मुलखातील माणसाला हा विचार जवळचा वाटेल.

व्यवहारात एवढेच करायचे असते: स्थानिक मधपाळाला, ज्याला तिकडे इमकर म्हणतात, किंवा मधपाळांच्या संघाला फोन करायचा. नंबर माहीत नसेल तर शेजारी सांगतो. पाणी मारणे, धूर करणे, कीटकनाशक फवारणे यांतले काहीही करू नये. पूर्वी असा थवा रानातील ढोलीत जाऊन सुखाने राहिला असता, पण आता तो माणसाच्या देखभालीशिवाय क्वचितच फार काळ टिकतो, आणि याचा धागा आपल्या आशियाशी जुळलेला आहे. व्हॅरोआ नावाचा गोचीड-कुळातील तांबूस परजीवी मुळात सातेरी जातीच्या माशीवर राहणारा. सातेरी त्याला अंगावरून झटकते, त्याची वाढ मर्यादेत ठेवते, आणि दोघांचे हजारो वर्षे निभावले. माणसाने युरोपीय माशी आशियात आणली, परजीवीने घर बदलले आणि 1970 च्या दशकात तो जर्मनीत पोहोचला. मेलिफेराला त्याच्याशी झुंजण्याची सवयच नव्हती. म्हणून वेळेवर उपचार करणारा मधपाळ मिळणे हे त्या थव्याचे नशीब असते.

आमच्या शेजारचा थवा नेण्यासाठी मधपाळ आला तेव्हा त्याने घोसाखाली पेटी धरून फांदीला एकच जोराचा झटका दिला. बहुतेक माश्या आत पडल्या. मग पेटी उलटी करून, एका बाजूने काडीएवढी फट ठेवून त्याने ती झाडाखाली ठेवली आणि स्वतः निघून गेला. मला हा निष्काळजीपणा वाटला. पण काही माश्या फटीपाशी पोट वर करून पंख हलवू लागल्या, म्हणजे राणी आत आहे असा गंध पसरवू लागल्या, आणि संध्याकाळपर्यंत बाहेर गेलेल्या शोधक माश्याही एकेक करून आत शिरल्या. अंधार पडल्यावर तो पेटी घेऊन गेला.

शेजारी मधपेट्या असतील तर रोजच्या वागण्यात थोडे भान ठेवावे लागते. पेटीच्या दारासमोर, उडण्याच्या वाटेत उभे राहू नये. बाजूने किंवा मागून जावे. गवत कापण्याचे यंत्र पेटीच्या अगदी जवळ फिरवण्याचे काम मधपाळाशी बोलून करावे, कारण थरथर आणि घाम दोन्ही माशीला खटकतात. गवतात पांढरा क्लोव्हर फुलला असेल तर अनवाणी चालू नये, कारण तिकडचे बहुतेक डंख तळपायालाच बसतात. फेब्रुवारी-मार्चमधील पहिल्या उबदार दिवशी, हिवाळाभर पेटीत कोंडलेल्या माश्या बाहेर येऊन पोट साफ करतात आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडतात. तेवढा दिवस कपडे आत वाळवावेत. ऑगस्टमध्ये केकवर आणि सरबतावर घोंगावणारी पिवळी-काळी, गुळगुळीत अंगाची माशी ही मधमाशी नसते. ती गांधीलमाशीच्या कुळातील असते, तिची नांगी तिच्याच अंगात राहते आणि ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते.

मधमाशीची नांगी मात्र कातडीत अडकते, कारण तिला मासेमारीच्या गळासारखे उलटे काटे असतात. माशी मरते, पण विषाची पिशवी नांगीसोबत राहून विष ढकलत राहते. म्हणून ती कशाने काढतो यापेक्षा किती लवकर काढतो याला महत्त्व आहे. नखाने खरवडून तत्काळ काढावी आणि वर थंड पाण्याची पट्टी ठेवावी. याच वेळी नांगीपासून एक गंध सुटतो, जो इतर माश्यांना ‘येथे शत्रू आहे’ असे सांगतो. 1962 मध्ये शास्त्रज्ञांनी त्यातील मुख्य द्रव्य ओळखले, ते म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्याला जो वास असतो त्यातील मुख्य द्रव्यही हेच. त्यामुळे मधपेटीजवळ केळे खाऊन जाऊ नये, असे जुने मधपाळ सांगतात. केळीच्या मुलखातून गेलेल्या माणसाने हे विशेष ध्यानात ठेवावे.

डंखाच्या जागी दोन-तीन दिवस सूज राहणे स्वाभाविक आहे. परंतु डंखानंतर काही मिनिटांत अंगभर पित्त उठले, ओठ-जीभ सुजली, श्वास अडकू लागला, चक्कर आली, तर ती ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते. संपूर्ण युरोपीय संघात आणि आता भारतातही मदतीचा क्रमांक 112 हाच आहे. तोंडात किंवा घशात डंख झाला, किंवा एकाच वेळी अनेक डंख झाले, तर ॲलर्जी नसली तरी रुग्णालयात जावेच, कारण विषाचे प्रमाण वाढले की मूत्रपिंडांवर परिणाम होतो आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसू शकतो.

आता या लेखाची दुसरी बाजू, जी मला पहिलीइतकीच निकडीची वाटते. परदेशात तीन महिने राहिलेला माणूस माश्यांची भीती गमावून परत येतो, आणि ते धीटपण खानदेशात धोक्याचे आहे. आग्या माश्याही ऋतूप्रमाणे स्थलांतर करतात आणि वाटेत झाडावर घोसाने विसावतात. तो घोस पोळे नसलेल्या थव्याचा आहे की पडद्याआड भरलेले पोळे आहे, हे खालून पाहणाऱ्या सामान्य माणसाला कळत नाही. त्यामुळे येथे जवळ जाऊन न्याहाळण्याचा प्रश्नच येत नाही. मोहोळाखाली फटाके, बँड, धूर, उग्र अत्तर, पतंगाचा मांजा, दगड यांतले काहीही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता, डोके-तोंड कपड्याने झाकून, सरळ धावत बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे. विहिरीत वा नदीत उडी मारू नये, कारण माश्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात आणि श्वासासाठी डोके वर काढावेच लागते.

आणि रात्री टेंभा लावून मोहोळ जाळण्याची पद्धत आता सोडली पाहिजे, हे मी आग्रहाने म्हणतो. आपल्या केळीला फळ धरण्यासाठी माशी लागत नाही हे खरे. म्हणूनच कदाचित केळीवाल्या गावांना तिची किंमत उशिरा कळली. पण कांद्याच्या बियाण्यासाठी राखलेले डेंगळे, सूर्यफूल, काकडी, भोपळा, कारली यांना ती लागते, आणि केळफुलातील मकरंदावर तीही जगते.

दुसऱ्या मुक्कामाहून आम्ही परतलो त्या वर्षी, दिवाळीनंतर, आमच्या गावच्या शाळेशेजारच्या पाण्याच्या टाकीला आग्यामोहोळ लागले. ते जाळून टाकावे असे काहींचे म्हणणे होते. बैठकीत मी जे जाणत होतो ते सांगितले, आणि टाकीच्या रंगकामाची तारीख पुढे ढकलून, खाली दोरी बांधून, मुलांना मागच्या फाटकाने ये-जा करायला लावायचे ठरले. गणेशमंडळाच्या मुलांनी दोरीला लाल चिंध्या बांधल्या. चैत्र संपता संपता एके सकाळी टाकीखाली फक्त काळपट, रिकामे पोळे उरले होते. मग दोरी सोडली आणि रंगाऱ्याला बोलावले.